डोकं पुढे, बोटं मागे

सहा वर्षांचा मुलगा ग्रहांची माहिती घडाघडा सांगतो, पण चार ओळी लिहायला बसवलं की रडतो, म्हणजे तो लाडावलाय, असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. समज दहा वर्षांची असली तरी पेन्सिल धरणारी बोटं सहाच वर्षांची आहेत. वाक्य मनात तयार असतं, हात तिथवर पोचत नाही, आणि हे त्याला स्वतःलाच कळतं. रडू येतं ते त्यामुळेच. १९९१ साली अमेरिकेतल्या कोलंबस गटाने (अशा मुलांसोबत काम करणारे तज्ज्ञ आणि पालक) प्रज्ञावंत मुलांची व्याख्याच या असमान वाढीवरून केली. भावनांचंही तसंच: ही मुलं मरणाबद्दल मोठ्यांसारखे प्रश्न विचारतील, पण रात्री आईच जवळ हवी. तेव्हा "एवढा हुशार, आणि घाबरतोस?" असं कृपया म्हणू नका. उत्तरं तोंडी घ्या, अक्षराचा सराव वेगळा आणि थोडाथोडा ठेवा.