मदत हवी आहे – बंद शेडमधली पिंपं आणि पिवळी पडलेली माती

वैशाखी
पाऊस तोंडावर आलाय, तेव्हा जरा लवकर सांगा. आमच्या शेडमधला भाडेकरू ४ वर्षांपूर्वी कुलूप लावून निघून गेला, ताबा आत्ता कुठे मिळाला. आत २३ पिंपं आहेत, जमिनीत बांधलेले ३ हौद अर्धे गाळाने भरलेत आणि मागच्या भिंतीलगतची माती पिवळी पडलीय. दोन माणसं लावून पाइपने सगळं धुऊन काढायचं आणि वर चुना टाकायचा असं ठरवलंय. साधारण किती चुना लागेल? पिंपं भंगारवाला फुकट न्यायला तयार आहे.

रातराणी
कारखाना कसला होता?

वैशाखी
केमिकलचं काम चालायचं. व्यवहार सगळा बाबा बघायचे, मला तपशील माहीत नाही. चुन्याचं कुणी सांगेल का?

सातबारा
ताबा घेताना पंचनामा केलात का? पुढे जमीन विकायची झाली तर खरेदीदाराचा वकील हेच आधी विचारतो. भाडेकरार नोंदणीकृत होता का तेही लिहा.

वैशाखी
विकायची नाहीये.

जुना_फिटर
ताई, पिवळी म्हणजे कशी पिवळी? हळद सांडल्यासारखी? भिंतीला खालून वर असा डाग चढलाय का? आणि हौदांच्या वर आडवे तांब्याचे किंवा पितळेचे दांडे आहेत का?

वैशाखी
हो, अगदी हळदीसारखी. भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत पिवळे खडे फुटलेत, बोट लावलं की भुकटी पडते. दांडे होते, ते चोरीला गेले, खाचा राहिल्यात. तुम्हाला कसं कळलं?

जुना_फिटर
आधी हात साबणाने धुवा आणि परत बोट लावू नका. तो प्लेटिंगचा, म्हणजे धातूवर दुसऱ्या धातूचा मुलामा चढवायचा कारखाना आहे आणि ते पिवळं म्हणजे क्रोम. मी ११ वर्षं प्लेटिंगच्या हौदावर उभा होतो. आमच्यातल्या दोघांच्या नाकाच्या पडद्याला आरपार भोक पडलं होतं, हातांवरच्या जखमा महिनोन्‌महिने भरायच्या नाहीत. ती भुकटी झाडायला बिनमास्कची माणसं लावू नका, हात जोडून सांगतो.

प्रयोगवही
फिटरकाका बरोबर बोलतायत. हे षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप, पाण्यात सहज विरघळणारं. पाइपने धुतलंत तर भिंतीवरचं सगळं जमिनीत उतरेल. चुन्याचाही उपयोग नाही. त्रिसंयुजी क्रोमियम चुन्याने खाली बसतं, षट्संयुजी बसत नाही, पाणी अल्कधर्मी झालं तरी ते विरघळलेलंच राहतं. आधी त्याचं त्रिसंयुजीत रूपांतर करावं लागतं. फेरस सल्फेट घ्या, किंवा आम्ल घालून पीएच २ ते ३ वर आणा आणि सोडियम मेटाबायसल्फाइट टाका. पिवळ्याचं हिरवं झालं की मग चुना. मी प्रयोगशाळेत शेकडो वेळा केलंय, अवघड नाही.

बाकीशून्य
कशाला एवढा खटाटोप? ब्लीचिंग पावडर टाका. आमच्या युनिटमध्ये सांडपाण्याला वर्षानुवर्षं हायपोच (सोडियम हायपोक्लोराइट, तेही ब्लीचिंगच) वापरलं, तपासणीत कधी अडकलो नाही.

प्रयोगवही
क्रोमला ब्लीचिंग? ते ऑक्सिडीकारक आहे. निरुपद्रवी झालेलं त्रिसंयुजी क्रोमियम त्याने पुन्हा षट्संयुजी होऊ शकतं. बरोबर उलटं काम.

बाकीशून्य
पुस्तकातलं मला नका सांगू. आमचं पाणी पास व्हायचं.

जुना_फिटर
भांडू नका, तुम्ही दोघं वेगवेगळ्या हौदांबद्दल बोलताय. ताई, जस्ताचं काम चालायचं का? जुनं बिल, चलन, डबा, काहीही शोधा.

हिरवळ
मातीसाठी सूर्यफूल लावा. काही वनस्पती मुळांतून धातू शोषतात. रसायनांनी रसायनं मारण्यापेक्षा निसर्गाला काम करू द्या. बिया कोणत्या घ्यायच्या ते मी सांगते.

रातराणी
हिरवळताई, त्याला वर्षं लागतात आणि मुळं पोचतात तेवढ्याच थरापुरतं ते चालतं. शिवाय धातू शोषलेली झाडं कापून नंतर टाकायची कुठे? पाऊस तोंडावर आलाय म्हणतायत त्या.

वैशाखी
कोनाड्यात एक वही सापडली. पानोपानी ‘झिंक, पिवळं पॅसिव्हेशन’ असं लिहिलंय. कोपऱ्यातल्या ५ पिंपांवर कवटीचं चित्र आहे, खालचं नाव पुसलंय. एकाचं झाकण फुगलंय. आम्ल मिळण्याची सोय आहे, मेटाबायसल्फाइटचं प्रमाण सांगा, म्हणजे रविवारी उरकते.

जुना_फिटर
थांबा! आम्ल आत न्यायचं नाही. झिंक म्हणजे जस्त, आणि पिवळं पॅसिव्हेशन म्हणजे त्यावर दिलेला क्रोमचा थर. जस्ताचं जुनं प्लेटिंग बहुतेक ठिकाणी सायनाइडच्या द्रावणात चालायचं. त्या हौदात किंवा गाळात आम्ल पडलं की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो आणि बंद शेडमध्ये माणूस दारापर्यंतसुद्धा पोचत नाही. बाकीशून्य साहेबांचं हायपो सायनाइडसाठी असणार, तेही पीएच १० च्या वर ठेवून. पीएच खाली गेला तर त्यातूनही विषारी वायू निघतो. सायनाइडची लाइन वेगळी, क्रोमची वेगळी. नव्या पोराला आम्ही पहिल्या दिवशी दोन बादल्या दाखवायचो आणि म्हणायचो, ही तिकडे न्यायची नाही.

बाकीशून्य
हो, आमचं सायनाइडचंच होतं. वर मी तसं लिहायला हवं होतं.

प्रयोगवही
माझीही चूक झाली. कारखाना कसला हे कळायच्या आत मी आम्ल सुचवलं. वैशाखीताई, माझा तो सल्ला बाजूला ठेवा. चंचुपात्रात जमतं म्हणून हौदात जमेल असं नाही, त्यातून गाळात काय काय आहे हे माहीत नसताना.

दूरदेशी
भट्टीत का जाळत नाही? भोपाळचा ३३७ टन कचरा २०२५ च्या जानेवारीत १२ कंटेनरमधून पिथमपूरला नेला आणि तिथे जाळला ना.

रातराणी
तो कीटकनाशकांच्या कारखान्यातला होता. धातू जळत नाही, क्रोमियम राखेत तसंच राहतं. आणि भोपाळची दुर्घटना १९८४ ची, कचरा हलला ४० वर्षांनी. तोवर तिथली माती आणि भूजल बिघडत राहिलं.

सातबारा
भंगारवाल्याचं कुणीच बोललं नाही. दिल्लीच्या मायापुरीत २०१० साली भंगारात कोबाल्ट-६० आलं. उघडणाऱ्यांना आत काय आहे याचा पत्ता नव्हता. किरणोत्सर्गाने एक माणूस दगावला. पिंपं फुकट नेणारा आतला माल कुठेतरी ओतणार आणि पत्रा विकणार.

वैशाखी
खरंय, मी त्याला नाही म्हणून कळवते. पण मग करू काय? हातावर हात ठेवून बसू?

जुना_फिटर
नाही. आधी पाणी अडवा. छपराची गळती बंद करा. मागच्या मातीवर जाड ताडपत्री टाकून कडा दाबा. वरून येणारं पाणी भिंतीपासून लांब जाईल अशी चारी काढा, पण पिवळ्या मातीत कुदळ घालू नका. शेडची दारं उघडून वारा खेळू द्या, तुम्ही बाहेर थांबा. फुगलेल्या पिंपाला कुणी हात लावायचा नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाला फोटोंसह लेखी कळवा आणि घातक कचरा उचलायचा परवाना असलेल्यांनाच बोलवा. ते प्रत्येक पिंपाचा नमुना घेऊन मगच हलवतात. सांडलं तर शोषायला कोरडी वाळू दारात ठेवा. भुसा नको, क्रोमिक आम्लाने भुसा पेट घेतो.

वैशाखी
ताडपत्री आज टाकली, चारी उद्या. पत्र दिलं, पोच घेतली. एक राहिलं. शेडच्या मागे बोअर आहे, शेजारची दोन घरं तेच पाणी पितात. पाणी स्वच्छ आहे, पिवळं अजिबात नाही. मग चालेल ना?

प्रयोगवही
नाही. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. डोळ्यांना पिवळेपणा दिसतो तो याच्या कितीतरी पट झाल्यावर. उकळूनही जात नाही. नमुना द्याल तेव्हा क्रोमियम आणि सायनाइड दोन्ही लिहून द्या, दोन्हींच्या बाटल्या वेगळ्या लागतात. क्रोमियमच्या बाटलीत आम्ल घालतात, सायनाइडच्या बाटलीत घालायचं नसतं. अहवाल येईपर्यंत ते पाणी बंद.

वैशाखी
बरं, आत्ताच जाऊन दोन्ही घरी सांगते. एका घरात लहान मूल आहे.