मॉर्स मुळात चित्रकार

तारयंत्र आणि टिंब-रेघांची तारेची लिपी ज्याच्या नावावर आहे, त्या सॅम्युअल मॉर्सला कुणीतरी 'इंजिनिअर' म्हटलं, म्हणून राहवलं नाही. गडी पोटापाण्यासाठी माणसांची चित्रं काढायचा. १८२५ साली तो वॉशिंग्टनला लाफाएत या फ्रेंच सेनानीचं चित्र काढत होता, तेवढ्यात न्यू हेवनला बायको गेली. पत्र मिळून घरी पोचेपर्यंत तिचं दफनही उरकलं होतं. त्याच्या यंत्रावरून वॉशिंग्टन-बाल्टिमोर तार गेली ती पुढे १८४४ मध्ये. लिपीतली खुबी बघा, इंग्रजीत सगळ्यात जास्त लागणाऱ्या 'ई'ला नुसता एक टिंब! (सहकारी अल्फ्रेड व्हेलचं नाव मात्र कुणी घेत नाही.)

आमचे आजोबा साताऱ्याच्या तार ऑफिसात होते. जेवतानाही ताटाच्या कडेवर बोटांनी कडकट्ट चालायचं. पेठेत तारवाला दिसला की बायका आधी डोळ्याला पदर लावायच्या, मग विचारायच्या, "कुणाची?"