‘एल्विस ऑन टूर’मधला गप्प एल्विस

एल्विस प्रेस्लीच्या दौऱ्यावरच्या ‘एल्विस ऑन टूर’ या माहितीपटाबद्दल एक तक्रार ऐकली: पडद्याचे तुकडे करून एकाच वेळी अनेक दृश्यं दाखवलीत, ती पाहून डोकं दुखतं, आणि बाकी नुसतीच गाणी आहेत. डोकेदुखीचं मान्य, पण ‘बाकी नुसतीच गाणी आहेत’ हे काही पटलं नाही.

‘एल्विस ऑन टूर’ १९७२चा, रॉबर्ट एबल आणि पियरे ॲडिज यांचा. एप्रिलमधल्या दौऱ्यावर, पंधरा शहरं. एकाच वेळी स्टेज, वादक आणि किंचाळणाऱ्या पोरी दाखवायच्या म्हणून तो तुकड्यांचा खेळ. काही ठिकाणी अतीच झालाय, खरंय. (माँटाजवर, म्हणजे दृश्यांचे तुकडे जोडण्याच्या कामावर, देखरेख पुढे मोठा दिग्दर्शक झालेल्या मार्टिन स्कॉर्सेसीची होती! तेव्हा त्याला फारसं कोण ओळखत होतं?) त्या वर्षीच्या माहितीपटाच्या गोल्डन ग्लोबमध्ये हाही वाटेकरी होता.

मला मात्र दोनच जागा परत परत बघाव्याशा वाटतात. एक, ‘बर्निंग लव्ह’. गाणं इतकं ताजं की पाठच नाही. पठ्ठ्या हातात कागद धरून गातोय, आणि तरी हॉल डोक्यावर घेतो. दुसरी, भर कार्यक्रमात तो लोकांना सांगतो, आता या स्टॅम्प्स मंडळींचं (त्याच्या साथीला गाणारा, चर्चची गाणी म्हणणारा गट) भजन ऐका. मग स्वतः बाजूला गप्प उभा. चकचकीत पोशाख, मान किंचित खाली, चेहरा एखाद्या कीर्तनात रमलेल्या माणसासारखा. रॉक अँड रोलचा राजा म्हणे! मूळचा तो चर्चमधल्या गाण्यांवर वाढलेला पोरगा, ते इथे दिसतं.

पुढच्या वेळी हेडफोन लावून बघा. एल्विसचा गिटारवादक जेम्स बर्टन, त्याची गिटार लॅपटॉपच्या स्पीकरवर पार मरते.