‘फ्रॅजाइल स्टेट’ला मराठीत काय म्हणावं?

(गोव्यातल्या चौघांचं बोलणं; नावांऐवजी गावं दिली आहेत.)

फोंडा: राज्यशास्त्राची टिपणं मराठीत करतेय, ‘फ्रॅजाइल स्टेट’पाशी अडले, म्हणजे ताण आला की कोलमडू शकेल असा देशाचा कारभार. ‘नाजूक राज्य’ लिहिलं तर मुलं हसतील. शिवाय गोव्यात ‘राज्य’ म्हटलं की ३० मे १९८७चं घटकराज्यच आठवतं.

म्हापसा: ‘अपयशी राष्ट्र’ पेपरांत रुळलंय. तेच घ्या.

फोंडा: तेच टाळायचंय. ‘फंड फॉर पीस’ या अमेरिकी संस्थेची यादी २००५पासून ‘फेल्ड स्टेट्स’ची होती, २०१४ला त्यांनीच ‘फ्रॅजाइल’ केलं. अपयशी म्हणजे निकाल लागून गेला. आणि ‘राष्ट्र’ तर नकोच. सोमालियात बहुतेकांची भाषा एक, धर्म एक. १९९१ला तिथला हुकूमशहा सियाद बारे पळाल्यावर कोसळली ती राज्यसंस्था.

मडगाव: कौटिल्याचा शब्द आहे की, ‘व्यसन’, म्हणजे संकट! स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड (म्हणजे सैन्यबळ), मित्र ही राज्याची सात अंगं. यांतल्या कुठल्या अंगावरचं संकट जास्त घातक, यावर अर्थशास्त्रात अख्खं अधिकरण आहे. पण आज ‘व्यसनी राज्य’ म्हटलं तर लोक मांडवीतल्या कॅसिनोंकडे बोट दाखवतील.

डिचोली: माझं मत ‘ठिसूळ’ला. ठिसूळ चिरा रचलेला असतो तोवर कळत नाही, भार आला की भुगा. आग्नेय आशियातला तिमोर-लेस्ते बघा, एके काळी आपल्यासारखीच पोर्तुगिजांची वसाहत. २००२ला स्वतंत्र झाला. २००६ला पश्चिमेकडच्या सैनिकांनी भेदभावाची तक्रार केली, तर सुमारे सहाशे जणांना बडतर्फ केलं. पुढे सैन्य आणि पोलीस एकमेकांवरच गोळ्या झाडू लागले, दीडेक लाख माणसं घरं सोडून पळाली. बेकारी आधीचीच, तडा गेला तो ‘दंडा’ला.

मडगाव: मग सावरला कसा?

डिचोली: आधी ऑस्ट्रेलियाची वगैरे फौज आली. पण घर सोडलेल्यांच्या छावण्या हलल्या त्या २००८पासून, सरकारनं त्यांना घरासाठी रोख रक्कम दिल्यावर. बडतर्फ सैनिकांनाही पैसे दिले. तेलाच्या उत्पन्नाचा निधी २००५लाच उभारला होता, तो कामी आला.

म्हापसा: पैसे वाटणं हे धोरण?

डिचोली: वेळेवर वाटले तर हो. तेल दक्षिण सुदानकडेही होतं. २०११ला स्वातंत्र्य, २०१३च्या डिसेंबरात यादवी. (हा शब्द मात्र आपल्याकडे तयार आहे!)

फोंडा: ‘ठिसूळ राज्यसंस्था’ पक्कं. आता ‘रेझिलियन्स’, म्हणजे धक्का सोसून टिकण्याची ताकद. ‘लवचीकता’त वाकणं येतं, टिकणं येत नाही. ‘चिवटपणा’ चालेल?

मडगाव: चालेल. फक्त हुकूमशहाही चिवट असतात, तेवढं तळटिपेत घाला.