मदत हवी आहे: शिडाच्या बोटीसाठी एआयएस ट्रान्सपॉन्डर कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. माझी २६ फुटी शिडाची बोट आहे. दिवाळीनंतर मुंबईहून रत्नागिरीला जायचं आहे, रात्रीसुद्धा बोट चालवावी लागेल. सध्या बोटीवर एआयएसचा (जहाजांची जागा आणि वेग रेडिओवरून एकमेकांना कळवणारी यंत्रणा) नुसता रिसीव्हर आहे, ट्रान्सपॉन्डरसारखं आपलं ठिकाण पाठवणारं काही नाही. म्हणजे जहाजं मला दिसतात, मी त्यांना दिसत नाही.

मागच्या खेपेला खांदेरीच्या बाहेर पहाटे वारा पडला. स्क्रीनवर एक कंटेनर जहाज १४ नॉटने येत होतं. सीपीए, म्हणजे दोघं एकमेकांच्या सर्वात जवळ येतील ते अंतर, ०.२ मैल, हातात ११ मिनिटं. आमचं इंजिन तिसऱ्या झटक्याला सुरू झालं. घरी हे अजून सांगितलेलं नाही.

आता क्लास बी, म्हणजे छोट्या बोटींसाठीचा ट्रान्सपॉन्डर, घ्यायचाय. २ वॅटचा की ५ वॅटचा? माझ्या ४-५ नॉट वेगाला दोन्ही ३० सेकंदांनीच आपलं ठिकाण पाठवतात. ५ वॅटचा आपली पाठवायची वेळ आधी राखून ठेवतो, २ वॅटचा मोकळी वेळ सापडेपर्यंत थांबतो. बंदराजवळच्या गर्दीत हा फरक खरंच जाणवतो का? जादा पैसे घालण्याइतका?

अँटेना डोलकाठीच्या टोकाला व्हीएचएफसोबत (बोलायचा रेडिओ) स्प्लिटरवर, म्हणजे एकच अँटेना दोघांत वाटणाऱ्या डबीवर, लावू की मागे वेगळी? उंचीवर पल्ला जास्त मिळतो हे कळतं, पण स्प्लिटर बिघडला तर दोन्ही गेलं.

आणि अलार्म! नांगरलेल्या जहाजांमुळे तो इतका कोकलतो की शेवटी बंदच करावा लागतो. सीपीए आणि टीसीपीए (तितकं जवळ यायला उरलेला वेळ) तुम्ही किती ठेवता?

मोबाइलवरचं ॲप कृपया सुचवू नका, बाहेर रेंज नसते. एआयएस नसलेल्या मच्छीमार होड्यांसाठी डोळे उघडे ठेवतोच आहे.