राउटरवरून मीटर आणि पीएलसीचा (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा) डेटा सर्व्हरला जातो, पण मध्येच खंड पडतो. राउटर बदलावा का?

पॅनेल_२४व्ही:
मांडणी अशी: पॅनेलमध्ये ४जी इंडस्ट्रियल राउटर. त्याच्या आरएस-४८५ (दोन तारांची सिरीयल लाइन) पोर्टवर १२ एनर्जी मीटर (प्रोटोकॉल मॉडबस आरटीयू, वेग ९६०० बॉड, बाइटची मांडणी ८-एन-१), लॅन पोर्टवर दोन पीएलसी. राउटर दर १० सेकंदांनी सगळं वाचतो आणि एमक्यूटीटीने (छोटे मेसेज पाठवायचा प्रोटोकॉल) सर्व्हरला पाठवतो, प्रत्येक मीटरचा वेगळा मेसेज.

अडचणी:
१) सगळं चालू असताना फेरी दोन सेकंदांच्या आत होते. पण एक मशीन बंद केलं (त्याच्यावर तीन मीटर आहेत, तेही बंद होतात) की उरलेल्या नऊ मीटरचा डेटाही उशिरा येतो. टाइमआउट (उत्तराची वाट पाहायचा वेळ) १००० मिलिसेकंद, रिट्राय (पुन्हा विचारणं) ३.
२) दुसऱ्या मॉडेलचे तीन मीटर आहेत. त्यांचे आकडे भलतेच येतात, बहुतेक वेळा शून्य.
३) ऑफिसमधून पीएलसीपर्यंत पोचता येत नाही. पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून येणारं कनेक्शन पीएलसीकडे वळवणं) केलंय. राउटरच्या पेजवरून पीएलसीला पिंग व्यवस्थित जातो.
४) सिमचा महिन्याचा १ जीबी आधीच संपतो.

मोठ्या प्रोसेसरचा राउटर घेऊन फरक पडेल का?

दोनतारी:
नाही पडणार. पहिली अडचण प्रोसेसरची नाही, साध्या हिशोबाची आहे.

९६०० बॉडला, ८-एन-१ मध्ये, एक बाइट जायला साधारण १.०४ मिलिसेकंद लागतात. २० रजिस्टर (मीटरमधले १६ बिटांचे कप्पे) वाचायची तर विनंती ८ बाइट, उत्तर ४५ बाइट; म्हणजे तारेवर ५५ मिलिसेकंद. वर मीटरचा विचार करण्याचा वेळ. मीटरमागे १०० ते १५० धरा, १२ मीटरना दीड-पावणेदोन सेकंद. तुमचा आकडा बरोबर जुळतो.

आता बंद मीटर. एक मूळ विनंती आणि तीन रिट्राय, प्रत्येकाला १ सेकंद वाट पाहायची: ४ सेकंद. असे तीन मीटर म्हणजे १२ सेकंद नुसते गप्प बसण्यात गेले. १० सेकंदांची फेरी हुकणारच. आरटीयूमध्ये एका वेळी एकच प्रश्न तारेवर असतो, त्यामुळे मेलेल्या मीटरची किंमत जिवंत मीटर मोजतात.

टाइमआउट ३०० आणि रिट्राय १ करा. तेच तीन मीटर मग १.८ सेकंदांत निपटतात. राउटरमध्ये सोय असेल तर सलग तीनदा उत्तर न देणाऱ्या मीटरला मिनिटातून एकदाच विचारा. पण टाइमआउट आंधळेपणाने ५० वर आणू नका. संथ मीटरचं उत्तर उशिरा आलं की ते पुढच्या मीटरच्या प्रश्नावर आदळतं, आणि लॉगमध्ये सीआरसी एरर (मेसेज बिघडल्याची खूण) दिसतात. मग लोक वायरिंग उकरत बसतात. आधी सगळ्यांत संथ मीटरचा उत्तराचा वेळ मोजा, त्याच्या दुप्पट-तिप्पट ठेवा.

आणि त्या लाइनवर दुसरा कोणी मास्टर (प्रश्न विचारणारा) नाही ना? एचएमआय (मशीनवरचा स्क्रीन) किंवा जुना स्काडा (देखरेखीचं सॉफ्टवेअर) त्याच दोन तारांवर मीटर वाचत असेल तर कितीही सेटिंग बदला, टक्कर होणारच. तसं असेल तर राउटरला एकटा मास्टर ठेवा आणि एचएमआयला राउटरच्या मॉडबस टीसीपी (नेटवर्कवरचा मॉडबस) गेटवेमार्फत वाचू द्या.

दुसरी अडचण वर्ड ऑर्डरची, म्हणजे दोन रजिस्टरांच्या क्रमाची वाटते. तपासायला किलोवॅट-अवर घेऊ नका, व्होल्टेज घ्या, कारण ते मीटरच्या डिस्प्लेवर समोर दिसतं. २३०.० हा आकडा ३२ बिट फ्लोटमध्ये (दशांश संख्या साठवायची पद्धत) हेक्स ४३६६ ०००० असा दोन रजिस्टरमध्ये बसतो. राउटरमध्ये कच्ची रजिस्टरं उघडून पाहा. पहिल्यात ०००० आणि दुसऱ्यात ४३६६ दिसलं तर मीटर शब्द उलटे पाठवतोय. तसंच वाचलं तर उत्तर जवळजवळ शून्य येतं. वर्ड स्वॅप चालू करा. क्रम बरोबर असून आकडा १,१३,०७,५८,१४४ असा आला तर फ्लोटला तुम्ही पूर्णांक म्हणून वाचताय. आणि आकडे खरेखुरे वाटतात पण शेजारच्या रजिस्टरचे आहेत, असं असेल तर पत्त्यात एकाचा फरक: मॅन्युअलमधलं ४०००१ म्हणजे तारेवर पत्ता ०.

किलोवॅट-अवरसाठी मीटरमध्ये पूर्णांक रजिस्टर असेल तर तेच वापरा. फ्लोटमध्ये १,६७,७७,२१६ च्या पुढे एकेक युनिट मोजलं जात नाही.

नॅट_उलगडा:
तिसऱ्या अडचणीत दोन गाठी आहेत, एक सोडवली तरी दुसरी राहते.

पहिली: राउटरच्या स्टेटस पेजवर मोबाइल इंटरफेसचा आयपी पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात किंवा १० ने सुरू होणारा असेल तर तो खासगी आहे. ऑपरेटरच्या नॅटमागे (अनेक सिम एकाच सार्वजनिक आयपीमागे ठेवणारी सोय) बसलेल्या सिमवर बाहेरून पोर्ट फॉरवर्ड चालतच नाही. नाही चाललं तेच बरं झालं म्हणा. मॉडबस टीसीपीच्या ५०२ पोर्टला पासवर्ड नावाचा प्रकार नाही. ज्याला पोर्ट सापडला त्याला रजिस्टरमध्ये लिहिताही येतं. ते फॉरवर्डिंग आजच काढा, वॅनच्या (इंटरनेटच्या) बाजूने राउटरचं अ‍ॅडमिन पेजही बंद करा.

त्याऐवजी राउटरनेच बाहेर जाऊन व्हीपीएन (इंटरनेटमधून जाणारा सुरक्षित बोगदा) जोडावा. सार्वजनिक आयपी असलेल्या सर्व्हरवर वायरगार्ड (व्हीपीएनचं सॉफ्टवेअर) ठेवा, राउटर त्याचा पीअर (जोडलेलं टोक), ऑफिसचा लॅपटॉप दुसरा पीअर. राउटरच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारा पॅकेट) २५ सेकंद द्या, नाहीतर नॅटमधली नोंद पुसली जाते आणि ऑफिसकडून सुरुवात केली तर बोगदा मेलेला दिसतो. सर्व्हरवर राउटरच्या अलाउड आयपीजमध्ये (कोणते पत्ते त्या पीअरकडे पाठवायचे ती यादी) मशीनचं सबनेट (पत्त्यांचा पट्टा) घालायला विसरू नका.

दुसरी गाठ पीएलसीत आहे. राउटरवरून पिंग जातो कारण दोघे एकाच सबनेटमध्ये आहेत. लॅपटॉपचा पॅकेट पीएलसीपर्यंत पोचेल, पण पीएलसीत डिफॉल्ट गेटवे (सबनेटबाहेर जायचा रस्ता) रिकामा असेल तर उत्तर कुठे पाठवायचं हे त्याला ठाऊक नसतं. गेटवेत राउटरचा लॅन आयपी भरा. पीएलसीला हात लावायची परवानगी नसेल तर राउटरवर लॅनकडे जाणाऱ्या ट्रॅफिकला मास्करेड लावा. मग पीएलसीला तो प्रश्न राउटरनेच विचारल्यासारखा दिसतो.

ऑफिसचं नेटवर्कही १९२.१६८.१.० आहे का? मग सबनेट एकमेकांवर चढतील. मशीन एकच असेल तर पत्ते बदला, एकसारखी अनेक असतील तर प्रत्येक राउटरवर वन-टू-वन नॅट (आतल्या प्रत्येक पत्त्याला बाहेर वेगळा पत्ता).

पॅनेल_२४व्ही:
गेटवे खरंच ०.०.०.० होता. टाइमआउट बदलल्यावर फेरी जमली. पण शेवटच्या दोन मीटरना अजून अधूनमधून सीआरसी एरर येतात, मोठी ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं युनिट) चालू असतानाच. लाइन साधारण २५० मीटर आहे, मधल्या जंक्शन बॉक्समधून तीन फाटे काढलेत.

दोनतारी:
तेच फाटे. आरएस-४८५ एका मीटरवरून दुसऱ्यावर अशी ओळीने न्या, मीटरच्याच टर्मिनलवर येणारी आणि जाणारी वायर. १२० ओहमचा टर्मिनेशन रेझिस्टर फक्त दोन टोकांना. अनेक राउटरमध्ये तो आत असतो, स्विचने किंवा सेटिंगने चालू होतो. दुसरा शेवटच्या मीटरवर. वीज बंद करून ए-बीमध्ये मल्टिमीटर लावा: सुमारे ६० ओहम यायला हवेत. ४० आले तर कोणीतरी तिसरा लावलाय, १२० आले तर एक राहिलाय.

ए-बी जोडीबरोबर कॉमनची तिसरी तार न्या, शील्ड एकाच टोकाला अर्थ करा आणि केबल ड्राइव्हच्या मोटर केबलच्या ट्रेमधून बाहेर काढा. ए आणि बी ही नावं सगळे उत्पादक एकाच अर्थाने वापरत नाहीत; मीटर अजिबातच बोलत नसेल तर तारा उलटून पाहायला लाजू नका, त्याने काही जळत नाही.

बफर_भरला:
चौथी अडचण राहिली. १२ मीटर, दर १० सेकंदांनी: दिवसाला १,०३,६८० मेसेज. प्रत्येकी ४०० बाइट धरले तरी दिवसाला ४१ एमबी, महिन्याला सव्वा जीबी. सगळ्यांचा मिळून मिनिटाला एक मेसेज करा, अडीच केबी धरा, महिन्याला ११० एमबीच्या आत बसतं. वाचन १० सेकंदांनीच चालू ठेवा. किमान, कमाल, सरासरी राउटरमध्ये काढून पाठवा. प्रत्येक मेसेजला नवं टीएलएस (एन्क्रिप्टेड) कनेक्शन उघडलं जात नाही ना, तेही पाहा. नुसत्या हँडशेकलाच (कनेक्शन जुळवायच्या देवाणघेवाणीला) काही केबी जातात.

वेळेचा शिक्का राउटरवर मारा, सर्व्हरवर नाही, आणि एनटीपी (घड्याळ जुळवणारी सेवा) चालू ठेवा. नेटवर्क गेल्यावर बफरमधला डेटा नंतर एकदम येतो. शिक्का सर्व्हरचा असेल तर दोन तासांचं रीडिंग एकाच मिनिटात कोंबलं जातं. एमक्यूटीटीच्या क्यूओएस १ मध्ये (मेसेज किमान एकदा पोचवायची हमी) तोच मेसेज दोनदा येऊ शकतो, म्हणून डेटाबेसमध्ये मीटर क्रमांक आणि वेळ मिळून युनिक की ठेवा.

पिंग वॉचडॉगने (पिंगला उत्तर न आल्यास रीबूट करणारी सोय) राउटर रीबूट होत असेल तर त्यात दोन वेगवेगळे पत्ते द्या. एकाच सर्व्हरला पिंग लावला आणि तो सर्व्हर देखभालीसाठी बंद झाला, की राउटर दर पाच मिनिटांनी स्वतःला रीबूट करत बसतो आणि रॅममधला बफरही प्रत्येक वेळी जातो.

अँटेना पॅनेलच्या आत नाही ना? आरएसआरपी (४जी सिग्नलची ताकद, शून्याच्या जितकी जवळ तितकी चांगली) किती दिसतो ते टाका.

पॅनेल_२४व्ही:
आतच आहे, दार बंद असताना उणे ११४. उघडलं की उणे ९७.

बफर_भरला:
मग दोन्ही अँटेना ग्लँडमधून (पॅनेलच्या भोकातली केबलची बुशिंग) बाहेर काढा, एक नाही. केबल शक्य तितकी आखूड.