रॅम वाढवताना तुमची जोडी जमली का? अनुभव लिहा

दोन दिवस डोकं खाल्लं या रॅमने, म्हणून धागा काढते. डेस्कटॉप २०१८ चा. आठ जीबीची एकच पट्टी, डीडीआर४ प्रकारची, वेग २४००. जोडीला आठचीच पण ३२०० ची आणली. लावली, मशीन सुरू झालं. सीपीयू-झेड (मशीनची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून बघते तर वेग १२००! दुकानदाराशी भांडायला चप्पल घालून निघालेच होते. भावाने थांबवलं. म्हणे, डीडीआरमध्ये एका ठोक्याला दोनदा डेटा जातो, तिथे १२०० दिसतंय म्हणजे २४०० च. आणि जलद पट्टीला धिम्या पट्टीच्या चालीने चालावं लागतं. तुमचं काय झालं?

---

आमचं लग्न मोडलं. एएमडीच्या रायझन प्रोसेसरवर ३२०० ची जोडी सुरळीत चालली होती. वर्षाने तीच कंपनी, तोच मॉडेल नंबर बघून आणखी एक जोडी घेतली. चारही लावल्यावर दिवसातून दोनदा निळा पडदा. रात्री मेमटेस्ट (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) लावून झोपलो, सकाळी स्क्रीनभर लाल ओळी. गंमत म्हणजे कुठलीही एक जोडी एकटी लावली की एकही चूक नाही. नंतर कळलं, मॉडेल नंबर तोच ठेवून आतल्या चिप्स बदलतात. शिवाय चार पट्ट्यांचा भार रॅम सांभाळणाऱ्या कंट्रोलरला जड जातो. एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगावर चालवणारी सेटिंग) बंद करून २९३३ वर आणलं, तेव्हा शांतता. वाढवायचंच असेल तर जुनी जोडी विकून मोठी जोडी घ्या, या मताला मी आलोय.

---

जुन्या डीडीआर३ वाल्यांनो, स्वस्तात मिळते म्हणून चार जीबीची कुठलीही पट्टी उचलू नका. मी उचलली. इंटेलच्या बोर्डावर नुसतं बीप, बीप. भिंग घेऊन स्टिकर वाचला तर कोपऱ्यात 'एएमडी ओन्ली'. त्यातल्या चिप्सची मांडणीच वेगळी असते, इंटेलला ती पचत नाही. ती पट्टी आता पुस्तकात खूण म्हणून आहे.

---

माझं एवढंच : स्क्रीनवर काहीच न दिसल्यास आधी पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने पुसा, कीस झटका आणि दोन्ही बाजूंनी 'कट्' ऐकू येईपर्यंत दाबा. निम्म्या वेळा तेवढंच असतं.

---

कंपनी-स्पीड जुळवण्याच्या नादात स्लॉट विसरू नका. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा. मी पहिल्या-दुसऱ्यात खोचल्या होत्या, म्हणजे दोघी एकाच चॅनलवर, प्रोसेसरकडे जायच्या एकाच वाटेवर. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, चित्रांचा भारही याच रॅमवर, त्यामुळे मुलाचा गेम अडखळायचा. एक पट्टी हलवली आणि पोरगं म्हणालं, "बाबा, नवीन कॉम्प्युटर आणला?"

---

धागाकर्ती : वरचं वाचून आत्ता झाकण उघडलं. माझ्याही शेजारी-शेजारीच आहेत! सीपीयू-झेडमध्ये चॅनलपुढे 'सिंगल' लिहिलेलं होतं, मी १२०० शी भांडत बसले. स्क्रू ड्रायव्हर शोधून ठेवलाय, भाऊ शनिवारी येतोय.